आम्ल कमी म्हणून जळजळ? एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार,

ॲसिड रिफ्लक्सवरच्या, म्हणजे जठरातलं आम्ल अन्ननलिकेत वर येण्यावरच्या, माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया सावकाश वाचली. तुमचा आक्षेप असा, की मी आम्ल कमी करणाऱ्या गोळ्यांची तरफदारी केली. वय वाढलं की जठरातलं आम्ल घटतं, जळजळ त्या कमतरतेमुळे होते, गोळ्या ते आणखी घटवतात आणि शिवाय किडनी, हाडं, मेंदू यांना धोका असतो. म्हणून आईची बरीच वर्षं चालू असलेली पँटोप्राझोल ही अशीच गोळी तुम्ही एका दिवसात बंद केलीत आणि व्हिनेगर सुरू केलंत. शस्त्रक्रियेबद्दल मी एक ओळही लिहिली नाही, हीही तुमची तक्रार आहे.

मुद्द्यांकडे येतोच. पण प्रतिक्रियेच्या शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलंय, की हल्ली आईला कोरडा घास गिळताना छातीत अडकल्यासारखं होतं. या वाक्यानं मला काळजी वाटते. अन्न अडकणं, कारण नसताना वजन उतरणं, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, रक्त कमी होणं, यांतलं काहीही असेल तर घरी प्रयोग करण्याची वेळ संपलेली असते. कारण साधं असू शकतं: जुन्या जखमेच्या व्रणानं अन्ननलिका अरुंद झाली असेल, तर ती दुर्बिणीतूनच रुंद करता येते. पण कर्करोगाची सुरुवातही अशीच होते, आणि बाहेरून दोन्हींत फरक कळत नाही. त्यामुळे एंडोस्कोपी, म्हणजे तोंडावाटे दुर्बीण घालून आतली तपासणी, हवी, आणि त्यासाठी याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. व्हिनेगर मात्र आजच थांबवा. सुजलेल्या अन्ननलिकेवर ते आणखी एक आम्लच आहे, आणि पाणी न घालता घेतलं तर त्यानं भाजतं.

आता तुमचा मुख्य मुद्दा. त्यातलं अर्धं बरोबर आहे. रिफ्लक्सच्या बहुतेक रुग्णांत आम्ल जास्त तयार होत नाही, ते निरोगी माणसाइतकंच असतं. बिघाड असतो तो वाटेत. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला तीन-चार सेंटीमीटर लांबीचा, आवळून राहणारा स्नायूंचा भाग असतो आणि बाहेरून मध्यपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूंचा पडदा, त्याला आधार देतं. जेवणानंतर जठर ताणलं, की हा भाग आपण काही गिळत नसतानाही दहा सेकंदांहून जास्त वेळ सैल पडतो. हे सगळ्यांनाच होतं. पण काहींमध्ये त्या वेळी हवेसोबत आम्लही वर चढतं. हायटस हर्निया असेल, म्हणजे जठराचा वरचा भाग छातीत सरकला असेल, तर स्नायू आणि मध्यपटल यांची जोडीच तुटते आणि अडसर दुबळा होतो.

पण 'आम्ल जास्त नाही' यावरून 'आम्ल कमी आहे' असं ठरत नाही. जठराचं अस्तर शाबूत असेल तर निव्वळ वयामुळे आम्ल फारसं घटत नाही. अस्तर झिजून ते खरोखर आटतं, तेव्हा अन्ननलिकेला आम्लानं जखमा झालेल्या क्वचितच सापडतात. कमतरतेनं जळजळ होत असती, तर हेच लोक सर्वांत जास्त होरपळले असते.

मग वाट बिघडलेली असताना गोळी आम्लावर का द्यायची? कारण इजा त्यातूनच होते. अन्ननलिकेत पीएच (आम्लतेचं माप, जितका कमी तितकं आम्ल तीव्र) चारच्या खाली गेला, की आम्ल आणि पेप्सिन हा जठरातला पाचकरस मिळून अस्तर सोलतात. गोळी घेतल्यावरही जठरातलं वर येतच राहतं, पण त्याची धार गेलेली असते आणि जखमेला भरून यायला अवधी मिळतो. आठ आठवडे नीट घेतली तर बहुतेकांच्या जखमा भरतात. गोळीनं स्नायू दुरुस्त होत नाही, म्हणूनच ती थांबवल्यावर पुष्कळांचा त्रास परततो. ही तिची मर्यादा आहे, फसवणूक नव्हे.

गोळी बंद केल्यावर आईची जळजळ दुप्पट झाली आणि त्यावरून 'शरीराला चटक लागली होती' असा निष्कर्ष तुम्ही काढलात. इथे जरा थांबतो, कारण असं अनेकांना वाटतं. आम्ल दबलं की शरीर गॅस्ट्रिन हे संप्रेरक वाढवतं, आणि त्यामुळे आम्लाला चालना देणाऱ्या पेशी वाढतात. गोळी अचानक थांबली, की वाढलेली ही फौज मोकळी सुटते आणि काही आठवडे आम्ल पूर्वीपेक्षाही जास्त तयार होतं. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २००९ साली हे १२० निरोगी स्वयंसेवकांत तपासलं. कुणालाही आधी जळजळ नव्हती. ज्यांना आठ आठवडे गोळी दिली, त्यांच्यापैकी ४४ टक्क्यांना ती बंद केल्यानंतर अपचन, जळजळ असा त्रास झाला. ज्यांना नुसती साखरेची गोळी दिली होती, त्यांच्यात हे प्रमाण १५ टक्के होतं. म्हणजे तुम्ही पाहिलेला परिणाम खरा आहे, पण तो उतरणारा आहे. म्हणूनच कमी करायचीच असेल तर आधी निम्मा डोस, मग एक दिवसाआड, आणि अधल्यामधल्या जळजळीला अल्जिनेटचं (जठरातल्या अन्नावर तरंगता थर धरणारं) औषध, अशा पायऱ्यांनी उतरतात.

दुष्परिणामांबद्दल तुमची भीती मी झटकून टाकणार नाही. मॅग्नेशियम आणि बी-१२ कमी होणं, पोटातले जंतुसंसर्ग, क्वचित किडनीला सूज येणं, हे माहीत असलेले धोके आहेत. दीर्घकाळ गोळी घेणाऱ्यांचं रक्त अधूनमधून तपासायला हवं. स्मृतिभ्रंश आणि हाडं मोडण्याबद्दलची भीती बहुतांश निरीक्षणांवर उभी आहे, आणि गोळी घेणारी माणसं मुळातच जास्त आजारी असतात. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत १७ हजारांहून जास्त हृदयरुग्णांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं विभागून, कुणाला पँटोप्राझोल आणि कुणाला बिनऔषधाची गोळी दिली होती. सुमारे तीन वर्षांत आतड्यांचे संसर्ग गोळीच्या गटात थोडे जास्त निघाले, १.४ टक्के विरुद्ध १ टक्का. स्मृतिभ्रंश, हाडं, किडनी यांत ठळक फरक दिसला नाही. तीन वर्षं म्हणजे तीस वर्षं नव्हेत, हे मान्य.

आणि एका बाबतीत मी पूर्णपणे तुमच्या बाजूचा आहे. असंख्य लोक ही गोळी कारण विसरून वर्षानुवर्षं घेतात, जुन्याच चिठ्ठीवर, कुणी फेरविचार न करता. हे थांबलंच पाहिजे. पण तुमच्या आईच्या जुन्या रिपोर्टवर 'ग्रेड सी' लिहिलंय, असं तुम्हीच सांगता. अन्ननलिकेतल्या जखमा किती गंभीर हे सांगणाऱ्या लॉस एंजेलिस वर्गीकरणात ए (सर्वांत सौम्य) ते डी (सर्वांत गंभीर) अशा चार पायऱ्या आहेत. सी म्हणजे अस्तराच्या घड्या ओलांडून पसरलेल्या जखमा. अशांना गोळी सहसा दीर्घकाळ लागते, सोडली तर जखमा परततात. आईसाठी हा निर्णय तुम्ही एकट्यानं घेण्यासारखा नव्हता.

गोळी आई कशी घेत होती, तेही विचारा. ही औषधं जठराच्या पेशींतल्या, आम्ल सोडणाऱ्या प्रोटॉन पंपांपैकी फक्त चालू असलेल्यांना बंद करतात आणि ते पंप जेवणानं जागे होतात. म्हणून गोळी जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यायची. झोपताना रिकाम्या पोटी घेतलेली गोळी बरीचशी वाया जाते, आणि मग 'औषध लागू पडत नाही' म्हणून डोस वाढतो. सोबत रात्रीचं जेवण झोपेच्या तीन तास आधी, पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली १५ ते २० सेंटीमीटरचे ठोकळे, डाव्या कुशीवर झोप, आणि वजन जास्त असेल तर ते कमी करणं. नुसत्या उशा रचू नका, त्यानं पोट दुमडतं. तिखट, आंबट, कॉफी यांची सरसकट बंदी मला पटत नाही. जे तिला बाधतं तेवढंच टाळावं.

शस्त्रक्रियेबद्दल. रुडॉल्फ निस्सेन या सर्जननी १९५०च्या दशकात जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती गुंडाळून शिवण्याची पद्धत आणली आणि आज ती दुर्बिणीतून करतात. वाटेचा बिघाड सुधारणारा हा उपाय आहे, मोठा हर्निया असलेल्यांना किंवा गोळी नको असलेल्यांना तो खरंच उपयोगी पडतो. नंतर काहींना गिळायला जड जातं, ढेकर येत नाही, पोट फुगतं. गिळायला आधीच त्रास असलेल्या माणसात तर त्याचं कारण सापडल्याशिवाय शस्त्रक्रियेचा विषय काढू नये. एंडोस्कोपी, अन्ननलिकेच्या दाबाची तपासणी आणि गरज असेल तर २४ तासांची पीएच तपासणी, एवढं हातात आल्यावर सर्जनना भेटा.