डार्कथ्रोनचं अंगण मुद्दाम वाकडं आहे

मेटल (जड, कर्कश गिटारचं रॉक संगीत) ऐकणाऱ्यांच्या गटांत एक मजकूर फिरून फिरून येतो. शब्द दर वेळी थोडे बदलतात, मुद्दे तेच असतात. नॉर्वेच्या ब्लॅक मेटलचा, म्हणजे मेटलच्या काळोख्या, भरधाव शाखेचा, आवाज इतका फाटका आहे, कारण त्या पोरांकडे पैसे नव्हते आणि त्यांना धड वाजवताही येत नव्हतं. याचं ठळक उदाहरण म्हणजे डार्कथ्रोन हा बँड. घरच्या स्वस्त रेकॉर्डरवर केलेलं काम पुढे ‘कल्ट’ म्हणून खपवलं गेलं. सगळे अल्बम एकसारखे, त्यातही १९९४ नंतर नुसती स्वतःची नक्कल. आणि वरून हे सगळं चर्च जाळणाऱ्या नाझींचं संगीत. थोडक्यात, नाचता येईना अंगण वाकडं.

शेवटचा आरोप जरा बाजूला ठेवू. त्यात तथ्य आहे, फक्त मजकूर म्हणतो ते नाही. बाकीचे मुद्दे मात्र कोणता अल्बम कुठे आणि कधी रेकॉर्ड झाला एवढं पाहिलं तरी कोसळतात.

आधी पैसे आणि कसब. ऑस्लोच्या दक्षिणेला लागून असलेल्या कोल्बोत्न या गावात १९८६ साली हा बँड ‘ब्लॅक डेथ’ नावाने सुरू झाला, पुढच्या वर्षी ‘डार्कथ्रोन’ झाला. काही डेमो, म्हणजे नमुन्याच्या टेपा, निघाल्या आणि पीसव्हिल या इंग्लिश कंपनीने त्यांच्याशी चार अल्बमचा करार केला. पीसव्हिल म्हणजे पॅराडाइज लॉस्ट, माय डायिंग ब्राइड, ऑटॉप्सी या नावाजलेल्या बँडांची कंपनी. तिथे पोरखेळ चालत नव्हता. पहिला अल्बम ‘सोलसाइड जर्नी’ रेकॉर्ड करायला हे लोक थेट स्टॉकहोमला, टॉमस स्कॉग्सबर्गच्या सनलाइट स्टुडिओत गेले. एंटूम्बड या स्वीडिश बँडचा पहिला अल्बम याच स्टुडिओतला. १९९० च्या आसपास डेथ मेटल (मेटलची जड, घोगऱ्या आवाजाची शाखा) वाजवणाऱ्या कुठल्याही युरोपियन पोराला ‘कुठे रेकॉर्ड करायचंय?’ असं विचारलं असतं, तर त्याने हेच नाव घेतलं असतं.

बँडचे दोन मुख्य वादक, ड्रमर फेनरिझ आणि गिटारवादक-गायक नोक्टर्नो कुल्टो, म्हणजे गिल्वे नागेल आणि टेड श्येलुम, तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांचे होते. अल्बम ऐकला की वय कानाला लागत नाही. लय दर काही ओळींनी मोडते, रिफवर रिफ (गिटारचे छोटे, पुन्हा पुन्हा येणारे तुकडे) रचले जातात, मधूनच कीबोर्ड डोकावतो, आणि प्रत्येक वाद्य वेगळं ऐकू येतं. मला हा अल्बम फारसा आवडत नाही. जरा कोरडा वाटतो, हुशार विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेसारखा. पण ‘वाजवता येत नव्हतं’ म्हणणाऱ्याने तो एकदा ऐकावाच.

त्याहून पक्का पुरावा ‘गोटलॉर्ड’. दुसऱ्या अल्बमसाठी तयार झालेल्या, पण बाजूला टाकलेल्या गाण्यांची ही तालमीतली टेप. तिच्यावर नंतर आवाज चढवून १९९६ मध्ये मूनफॉग या कंपनीने ती बाजारात आणली. तालमीची टेप असल्यामुळे आवाज खरोखरच गरीब आहे. त्या खरखरीतून फेनरिझचे ड्रम्स कान देऊन ऐका. एका गाण्यात लय इतक्या वेळा वळते की पायाने ठेका धरायला जाणारा माणूस फसतो, आणि इतकं वळूनही गिटार आणि ड्रम्स एकत्रच उतरतात. हे हातात असलेल्या माणसांनी ते टाकून दिलं. गोष्ट खरी इथून सुरू होते, आणि फिरणारा मजकूर नेमका इथे गप्प आहे.

ऑगस्ट १९९१ मध्ये बँडने दुसरा अल्बम ‘अ ब्लेझ इन द नॉर्दर्न स्काय’ रेकॉर्ड केला. तळघरात नाही, कोल्बोत्नच्याच क्रिएटिव्ह स्टुडिओत. मेहेम या नॉर्वेच्याच ब्लॅक मेटल बँडचा १९८७ चा ‘डेथक्रश’ याच जागी रेकॉर्ड झाला होता. पीसव्हिलला डेथ मेटलचा दुसरा अल्बम हवा होता, हाती आलं भलतंच. कंपनीचं म्हणणं, आवाज सुधारू, पुन्हा मिक्स करू. बँडचं उत्तर, आहे तसा काढा, नाहीतर आम्ही तो मेहेमचा गिटारवादक युरोनिमस याच्या डेथलाइक सायलेन्स या कंपनीकडे नेतो. फेब्रुवारी १९९२ मध्ये अल्बम आहे तसाच निघाला.

म्हणजे आवाज बरा करून द्यायला कंपनी तयार होती आणि नको म्हणणारे हे होते. आता यात गरिबी कुठे बसवायची, ते मजकूर लिहिणाऱ्याने सांगावं.

हा अल्बम ‘शुद्ध’ ब्लॅक मेटल म्हणून पूजला जातो, तेही अर्धंच खरं. पहिलं गाणं साडेदहा मिनिटांचं. सुरुवातीला घोगरं मंत्रपठण, मग वेग, आणि मधल्या भागात सरळ सरळ डेथ मेटलचे रिफ. जुन्या सामानातले काही रिफ तसेच वापरल्याचं फेनरिझनेच सांगितलेलं आहे. दुसऱ्या गाण्यातला तो संथ, डुलणारा रिफ तर सेल्टिक फ्रॉस्ट या जुन्या स्विस बँडच्या घरचा, अगदी हुंकारासकट. एका शैलीतून दुसरीकडे निघालेली माणसं वाटेत कुठे उभी होती, ते इथे ऐकू येतं.

आणि मग तिसरा अल्बम, ‘अंडर अ फ्युनरल मून’. माझ्या दृष्टीने सगळ्या वादाचा निकाल इथे लागतो. जून १९९२ मध्ये तो पुन्हा त्याच क्रिएटिव्ह स्टुडिओत रेकॉर्ड झाला. जागा तीच, मुख्य माणसं तीच, मध्ये दहा महिन्यांचं अंतर. यंत्रं आणि पैसे आवाज ठरवत असते, तर दोन्ही अल्बम बहीण-भाऊ वाटले असते. प्रत्यक्षात आधीच्या अल्बममधला गिटारचा जाडपणा इथे पार गेला आहे. उरली आहे ती पातळ, गांधीलमाशीच्या गुणगुणीसारखी तार. ड्रम्स मागे सरकलेत. डेथ मेटलचा मागमूस नाही. हेडफोन लावून दोन्ही अल्बमची पहिली गाणी पाठोपाठ ऐका, पाच मिनिटांत कळतं. तोच स्टुडिओ दहा महिन्यांत गरीब झाला नव्हता.

आता त्या प्रसिद्ध फोर-ट्रॅककडे येऊ, कारण इथे मजकूर निम्मा बरोबर आहे. ‘ट्रान्सिल्व्हेनियन हंगर’ नोव्हेंबर-डिसेंबर १९९३ मध्ये खरोखरच फेनरिझच्या घरगुती कॅसेट पोर्टास्टुडिओवर रेकॉर्ड झाला. त्या सामग्रीला त्याने नेक्रोहेल असं नाव दिलं होतं. सगळी वाद्यं त्यानेच वाजवली, आवाज नोक्टर्नो कुल्टोचा. फोर-ट्रॅक म्हणजे साध्या कॅसेटच्या फितीवर चार पट्ट्या. ड्रम्सना दोन-तीन माइक लावले तरी ते रेकॉर्ड करतानाच एकत्र करावे लागतात, नंतर स्नेअरसारखा एखादा ड्रम वेगळा काढून दुरुस्त करता येत नाही. पट्टी कमी पडली की दोन पट्ट्या मिसळून तिसरीवर उतरवायच्या, आणि दर उतरवणीला फितीची सरसर वाढते. एवढी बंधनं असलेलं यंत्र या माणसाने कधी निवडलं? स्टुडिओत केलेले तीन अल्बम पाठीशी असताना आणि चौथ्याला तीच कंपनी उभी असताना.

काय वाजवायचं, तेही त्याने यंत्र पाहूनच ठरवलं असावं असं ऐकताना वाटतं. पहिलंच गाणं घ्या. सहा मिनिटांचं. ड्रम्स एकच ठेका धरतात आणि जवळपास शेवटपर्यंत सोडत नाहीत. ना फिल (ठेक्याच्या मधली सजावट), ना झांजेची आतषबाजी. गिटार दोन-तीन स्वरांभोवती भराभर तार छेडत राहते. पहिल्या मिनिटाला कंटाळा येतो, हे मी नाकारत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटाला ड्रम्स कानातून पुसले जातात आणि त्या भिंतीवर गिटारची एक हळू, उदास सुरावट उमटायला लागते. ती वाजवली जातेय भरधाव, पण ऐकू येते संथ. मध्ये एक चमकदार फिल आला असता तरी हा परिणाम फुटला असता. ‘गोटलॉर्ड’मध्ये दर चार मात्रांना वळणाऱ्या हातांनी इथे चाळीस मिनिटं स्वतःला आवरलं आहे. अंगण वाकडं होतं म्हणून नाच बिघडला, असं म्हणणाऱ्यांनी हे बघावं की या नाचासाठी अंगण मुद्दाम वाकडं केलं होतं.

जाता जाता, ‘नॉर्वेचं ब्लॅक मेटल म्हणजे तळघर’ हेही एक खूळच. मेहेमचा ‘डे मिस्टेरीस डोम सॅथानास’ आणि एम्परर, बर्झम, इम्मॉर्टल या नॉर्वेच्याच बँडांचे गाजलेले अल्बम बर्गनच्या ग्रीगहालेनमध्ये रेकॉर्ड झाले. ग्रीगहालेन म्हणजे बर्गन फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राचं सभागृह, संगीतकार एडवर्ड ग्रीगच्या नावाचं. ध्वनिमुद्रक होता पिटन, मूळ नाव एरिक हुंडविन. मेहेमच्या त्या अल्बममधले ड्रम्स एखाद्या गुहेत वाजल्यासारखे घुमतात. तो घुमार कुठल्याही कोल्बोत्नच्या घरात मिळाला नसता.

‘सगळे अल्बम एकसारखे’ यावर फार वेळ घालवण्यात अर्थ नाही. १९९९ ते २००४ दरम्यानचे चार अल्बम एकमेकांत मिसळतात, हे मीही म्हणेन. त्यांतला ‘प्लेगविल्डर’ मला आजही शेवटपर्यंत ऐकवत नाही. पण २००६ चा ‘द कल्ट इज अलाइव्ह’ लावा. सरळ पंक, रांगडा, बिअर सांडल्यासारखा. नॉर्वेच्या विक्रीच्या यादीत पोचलेला त्यांचा हा पहिला अल्बम, म्हणजे लोक विकत घ्यायला लागले ते ‘मूळ शैली’ सोडल्यावर! २०१३ च्या ‘द अंडरग्राउंड रेझिस्टन्स’मध्ये फेनरिझ चक्क ऐंशीच्या दशकातल्या हेवी मेटल गायकांसारखा उंच पट्टीत गातो, शेवटचं गाणं पावणेचौदा मिनिटांचं. २०२१ चा ‘इटर्नल हेल्स’ म्हणजे पाच लांब, जड, डूम या संथ मेटलच्या अंगाने जाणारी गाणी. याला नक्कल म्हणायचं असेल तर मूळ कोणतं, तेही सांगा.

‘लाइव्ह वाजवत नाहीत, कारण येत नाही’ असंही म्हटलं जातं, ती ‘वाजवता येत नव्हतं’ याचीच उपशाखा. सुरुवातीच्या काळात ते वाजवत होते, शेवटचा कार्यक्रम १९९६ मधला. त्यानंतर मंच नको हा त्यांचा निर्णय. फेनरिझ टपाल खात्यात नोकरी करत आला आहे, टूरच्या पैशांवर घर चालवायची वेळच आली नाही. गावच्या नगरपरिषदेवर पर्यायी सदस्य म्हणून त्याची निवड झाली, तीही मांजर हातात घेऊन ‘मला मत देऊ नका’ असा प्रचार करून. त्या माणसाला मंचावर ओढून आणणं कुणालाही जमणार नाही. आणि ज्या देशात हे संगीत पोरखेळ ठरायला हवं होतं, त्याच नॉर्वेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २०२० मध्ये ‘अ ब्लेझ इन द नॉर्दर्न स्काय’ला आपल्या कायमस्वरूपी प्रदर्शनात जागा दिली.

राहिला शेवटचा आरोप. चर्च जाळल्याबद्दल किंवा खुनाबद्दल डार्कथ्रोनच्या या दोघांपैकी कुणालाही शिक्षा झालेली नाही. युरोनिमसचा खून आणि चर्चची जाळपोळ यांसाठी १९९४ मध्ये २१ वर्षांची शिक्षा झाली ती बर्झमच्या वर्ग विकर्नेसला. दोन वेगळ्या बँडांचे गुन्हे एका टोपलीत टाकणं हा आळस आहे.

पण चाहते इथे हात झटकून मोकळे होतात, तेही पटण्यासारखं नाही. ‘ट्रान्सिल्व्हेनियन हंगर’च्या शेवटच्या चार गाण्यांचे शब्द याच विकर्नेसचे आहेत, आणि अल्बम रेकॉर्ड होत होता तेव्हा तो खुनाच्या आरोपाखाली कोठडीत होता. मागच्या कव्हरवर ‘नॉर्वेजियन आर्य ब्लॅक मेटल’ असं छापायचं ठरलं होतं. सोबत बँडचं एक निवेदन: या अल्बमवर टीका करणाऱ्याचं वागणं ज्यूंसारखं समजावं. कंपनीने ते जाहीर केलं, वितरक बिथरले, मग बँडने माफी मागितली. तो शब्द आमच्याकडची पोरं सहज शिवी म्हणून वापरतात, असा खुलासा आला. हा खुलासा लंगडा आहे. एखाद्या समाजाचं नाव शिवी म्हणून सहज वापरलं जातं, हे सांगितल्याने आरोप हलका होत नाही, वाढतो. कव्हरवरचे शब्द काढले गेले.

चाहते यावर १९९५ चा ‘पान्झरफाउस्ट’ पुढे करतात. त्यावर छापलं आहे की डार्कथ्रोन हा नाझी बँड नाही आणि राजकीय बँडही नाही. ज्यांना अजून तसं वाटतं त्यांच्यासाठी खाली एक अश्लील शिवी. बरोबर आहे, छापलं आहे. त्याच अल्बममधल्या ‘क्विंटेसेन्स’ या गाण्याचे शब्द पुन्हा विकर्नेसचेच आहेत, आणि अल्बम बाजारात आला तोवर त्याला शिक्षा होऊन वर्ष उलटून गेलं होतं.