तीस सेकंद थांबा, मग चालू करा

घरचं वायफाय मंद झालं की आधी स्वतःला दोष द्यावा. इंटरनेट कंपनीची तशी अपेक्षाच असते. मी गेल्या आठवड्यात दिला. १०० एमबीपीएस वेगाचा प्लॅन, वर्षाचे पैसे आगाऊ भरलेले, आणि पुण्याच्या कंपनीनं लेकीला मुलाखतीचा पहिला प्रश्न विचारला तेव्हा घरात येत होते मोजून ३. बायको मालिका सोडून उठली होती, मी मोबाइल बंद करून अंगणात बसलो होतो, तरी ३. पुण्याच्या साहेबांना पोरीचं अर्धं उघडलेलं तोंड सव्वा मिनिट बघायला मिळालं. तुमच्यावर अशी वेळ आली तर काय करावं ते सांगतो. नीट ऐका.

राउटर शोकेसमध्ये ठेवा, टीव्हीच्या पाठीमागे, पितळी समईला टेकवून. तिथून सिग्नल कसा निघतो ते बघूच. सोलापूरकर आहात, तेव्हा धूळ बसू नये म्हणून वरून एखादा टॉवेल हवाच. मे महिन्यात आतल्या आत शिजतो बिचारा, आणि तापलेला राउटर रडतखडत चालतो. स्वयंपाकघरात जागा असेल तर मायक्रोवेव्हला खेटून ठेवा. दोघंही २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासचे, तेवढाच शेजारधर्म.

राउटर बहुतेक दोन नावं दाखवतो, २.४ आणि ५. पाचवालं वेगवान, पण भिंत आडवी आली की त्याचा जीव जातो. म्हणून दगडी वाड्यातल्यांनी माडीवर बसून ५ पकडावं, आणि राउटरला मांडी लावून बसणाऱ्यांनी २.४.

पासवर्ड आपला मोबाइल नंबरच ठेवा. शेजाऱ्यांना पाठ असतो.

चॅनल, म्हणजे वायफायच्या लहरींची पट्टी, बदलायच्या भानगडीत पडू नका. २.४ मध्ये १, ६ आणि ११ हे तीन चॅनल एकमेकांच्या अंगावर येत नाहीत. तरी अख्ख्या बोळानं एकाच चॅनलवर गर्दी करावी. गड्ड्याच्या जत्रेत आपण वेगळं काय करतो?

१०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १०० एमबी, असं समजून भांडायला जा. एमबीपीएसमधला बी म्हणजे बिट, आठ बिटांचा एक बाइट, म्हणून आठनं भागायचं असतं, साडेबारा येतात. हे भांडण हरलात की खऱ्या भांडणाला जोर उरत नाही.

आता तक्रार. फोन लावा. ‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ हे बारा मिनिटं ऐकल्यावर एक ताई विचारतात, “सर, एकदा रिस्टार्ट करून बघितलं का?” बघितलंय असं चुकूनही म्हणू नका. परत करा. प्लग काढा, तीस सेकंद मोजा, लावा. हिरवे दिवे किती ते सांगा. मग भिंती मोजा. माझ्या घरात नऊ भिंती आहेत, हे मला इतकी वर्षं ठाऊक नव्हतं. मी मध्येच शहाणपणा केला. बाहेरची वायर घरात ज्या डब्यात येते, त्यातून राउटरला जाणारी केबल काढून थेट लॅपटॉपला लावली. तिथंही ३. म्हणजे भिंतींचा, टॉवेलचा, वायफायचा काही दोष नाही, बाहेरूनच तेवढं येतंय. हे सांगितल्यावर ताई जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “सर, एकदा रिस्टार्ट करून बघता का?”

तिकीट नंबर मिळाला. संध्याकाळी मेसेज, तुमची तक्रार सोडवण्यात आली आहे. कुणी सोडवली? कुठं बसून? दुसरं तिकीट. दुसऱ्या दिवशी मेसेज, प्रतिनिधी आला असता ग्राहक घरी नव्हते. अहो, पाण्याचा दिवस होता! पाण्याच्या दिवशी सोलापुरात माणूस घरी नसतो? त्या दिवशी सख्ख्या भावाच्या लग्नालाही जावं की नाही याचा विचार करतो आपण!

चौथ्या दिवशी एक पोरगा आला. राउटरपासून वीतभर अंतरावर उभा राहून त्यानं मोबाइलवर स्पीड बघितला.
“येतोय की ओ काका.”
“किती?”
“तीन.”

त्याचंही बरोबर. जानेवारी २०२३ पासून ब्रॉडबँड म्हणवून घ्यायला २ एमबीपीएस पुरतात, त्याआधी तर ५१२ केबीपीएस, म्हणजे साधारण अर्धा एमबीपीएस, चालायचे. म्हणजे मला सरकारी मापाच्या दीडपट मिळत होतं. पेढेच वाटायचे.

तरी त्याला हाताला धरून खांबापाशी नेला. आमच्या बोळातून जत्रेतले उंच नंदीध्वज जात नाहीत ही सिद्धरामेश्वरांची कृपा, असा वायरींचा गुंता. त्यात आमची फायबर खिळ्याला काटकोनात वाकवून सुतळीनं बांधलेली. फायबरच्या आत केसाएवढी काच असते, अशी मुरगळली की उजेड तिथंच गळतो. जोडावर प्लास्टिकची पिशवी, शेंगा चटणीची. पोरानं सुतळी कापली, जोड नवा केला, वायर सैल सोडली. अकरा मिनिटं. घरात येऊन बघितलं तर ९४.

कंपनीवाल्यांनो, अकरा मिनिटांच्या कामाला चार दिवस लावले तुम्ही. घरातल्या डब्यापर्यंत किती उजेड पोचतोय ते तुम्हाला ऑफिसात बसून स्क्रीनवर दिसतं, तरी माझ्याकडून भिंती मोजून घेतल्या. न येता ‘येऊन गेलो’ म्हणालात. पैसे वर्षाचे आगाऊ घेता आणि वायर सुतळीनं बांधता, काही वाटतं का? आणि आपण तरी काय, दोन महिने फुकट म्हटलं की सगळी रक्कम भरून मोकळे, वर चार दिवस प्लग काढ-घाल करत बसतो. मुलाखत परत होत नाही, असं पुण्याहून कळवलंय.

परवा त्या पोराचा फोन आला, काका तेवढे पाच तारे द्या, नाहीतर पैसे कापतात. दिले त्याला. कंपनीला किती द्यायचे ते विचारणारी ओळ त्या मेसेजमध्ये कुठंच नव्हती.