सीटमागचं सोलर पॅनल आणि ‘आयुष्यभर फुकट’वाला व्हिडिओ

गेल्या महिनाभरात तो व्हिडिओ मला सहा ग्रुपवर आलाय, एकदा तर काकांनी रात्री साडेअकराला फोन करून “पाठवलंय बघ की, तुला कळतंय ना त्यातलं” म्हणून उठवलं. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी : इलेक्ट्रिक स्कूटरच्या मागच्या कॅरियरवर एक निळं पॅनल, आठ हजाराचं किट, आणि एक जण जोरजोरात सांगतोय की दिवसभर उन्हात उभी करा फुल चार्ज, चालताना पण चार्ज होत राहते, लाईट बिल शून्य, लाईट गेली तरी टेन्शन नाही, आणि कुठलाही वायरमन अर्ध्या तासात बसवून देतो. काकांना फोनवर सगळं सांगता आलं नाही म्हणून इथं लिहितोय, एकेक घेऊ.

“दिवसभर उन्हात उभी करा, फुल चार्ज.”

कॅरियरवर बसेल असं पॅनल म्हणजे जास्तीत जास्त 50 वॅटचं. आपल्या सोलापूरला ऊन भरपूर, दिवसभराचं सगळं ऊन गोळा केलं तर कडक दुपारचे साधारण पाच तास होतात, म्हणजे कागदावर 250 वॅट-तास, पाव युनिट. आता कागदावरचे वॅट हे पॅनल 25 डिग्रीला असताना मोजलेले असतात आणि आपल्याकडे एप्रिलमध्ये पॅनलच्या पाठीला हात लावून बघा, मी लावलाय, चटका बसून हात मागे येतो, आत 65-70 डिग्री असतं आणि दर डिग्रीला अर्ध्या टक्क्याच्या जरा खाली पॉवर पडते. गच्चीवर 100 वॅटचं पॅनल आडवं ठेवून मे महिन्यात भर बाराला मीटर लावला होता, सूर्य अगदी डोक्यावर, सावली पायाखाली, तरी 78 च्या वर काटा गेला नाही, डिसेंबरात तर सूर्य कलतो त्यामुळे आडव्या पॅनलला अजून कमी. वर धूळ, पॅनलचे व्होल्ट बॅटरीला जुळवून देणाऱ्या कन्व्हर्टरमधली गळती. सगळं वजा करून 50 वॅटवाल्यातून दिवसाला 175 वॅट-तास आले तरी नशीब.

स्कूटरची बॅटरी असते तीन युनिटच्या आसपास. म्हणजे फुल व्हायला सतरा दिवस, तेही गाडी अजिबात न हलवता. एका युनिटला 30 किलोमीटर धरले तर दिवसभराच्या उन्हाची कमाई पाच किलोमीटर. जुळे सोलापुरातून सात रस्त्याला जाल, येताना काय ते बघा.

आणि या पाच किलोमीटरसाठी गाडी दिवसभर उन्हात तापवायची? हे मला सगळ्यात जास्त खटकलं. लिथियम बॅटरी 45 डिग्रीच्या वर गरम असताना चार्ज करू नये असं असतं, चांगली बीएमएस (बॅटरीच्या आतलं तिची राखण करणारं सर्किट) अशा वेळी चार्जिंगच थांबवते, म्हणजे पॅनलवर ऊन आहे आणि बॅटरी घ्यायला तयार नाही असा प्रकार. गाडीतली सगळ्यात महाग वस्तू बॅटरी, ती भाजून पावणेदोन रुपयाची वीज मिळवायची. लोक सावली शोधून गाडी लावतात ते उगीच नाही.

“चालता चालता चार्ज होत राहते.”

चाळीसच्या स्पीडला स्कूटर साधारण तेराशे वॅट खाते, पॅनल देतं चाळीस. झालं. वर ते पॅनल चार किलोचं, मागे पतंगासारखं वारा अडवत बसणार.

“लाईट बिल शून्य.”

इथं गोम आहे आणि बहुतेक लोक इथंच फसतात. पेट्रोलची गाडी पन्नासचं अॅव्हरेज देत असेल तर किलोमीटरला दोन रुपये जातात, इलेक्ट्रिकला घरच्या प्लगवर, दहा रुपये युनिट आणि चार्जरची गळती धरूनही चाळीस पैसे. महिन्याला हजार किलोमीटर फिरणाऱ्याचे दोन हजाराचे चारशे होतात, ही सगळी बचत पेट्रोल सोडल्याची, सोलरचा यात काडीचा संबंध नाही पण व्हिडिओवाला ती सगळी किटच्या खात्यात टाकतो. किटची स्वतःची कमाई रोजचे पावणेदोन रुपये, आठ हजार वसूल व्हायला साडेबारा वर्षं, तेही बारा महिने आभाळ कोरडं राहिलं तर.

सोलरच हवं असेल तर गच्चीवर लावा ना. एक किलोवॅटला दिवसाला सरासरी चार युनिट पडतात, म्हणजे स्कूटरचे शंभर-सव्वाशे किलोमीटर, आणि 2024 मध्ये आलेल्या पीएम सूर्यघर योजनेत एक किलोवॅटला 30 हजार, दोनला 60, तीन किंवा जास्तला 78 हजार सबसिडी आहे. दिवसा बनलेली वीज नेट मीटरमधून (दिलेली आणि घेतलेली वीज दोन्ही मोजणारा मीटर) ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या लाईनला जाते आणि रात्री तुम्ही गार झालेल्या गाडीला तिच्याच चार्जरने प्लग लावता. गाडीला एक वायर जोडावी लागत नाही.

“लाईट गेली तरी टेन्शन नाही.”

गच्चीवर सोलर असणाऱ्यांचाही हा गैरसमज असतो म्हणून सांगतो. साधी ऑन-ग्रिड सिस्टीम (बॅटरी नसलेली, सरळ कंपनीच्या लाईनला जोडलेली) असेल तर लाईट गेल्यावर ती पण बंद पडते, कितीही ऊन असलं तरी, कारण खांबावर काम करणाऱ्या माणसाला तुमच्या घरातून करंट जाऊ नये म्हणून ती तशीच बनवलेली असते. आणि घरच्या बॅटरीवाल्या इन्व्हर्टरवर स्कूटर लावायची म्हणाल तर 12 व्होल्ट 150 एएचच्या (अँपिअर-तास, बॅटरीचं माप) बॅटरीत एकूण पावणेदोन युनिट, त्यातलं निम्मंच वापरावं, शिवाय स्कूटरच्या चार्जरचा लोड बघून छोटा इन्व्हर्टर पहिल्या मिनिटालाच ओव्हरलोडची शिट्टी मारतो.

“कुठलाही वायरमन बसवून देतो.”

हे मात्र हसण्यावारी न्यायचं नाही. आमच्या गल्लीतल्या एकाने असंच बसवून घेतलं, चार ‘12 व्होल्टची’ पॅनल सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढे एक जोडून, आणि वायर सरळ गाडीच्या 60 व्होल्टच्या बॅटरीला. आता 12 व्होल्टचं पॅनल हे नुसतं नाव आहे, लोड नसताना ते 22 व्होल्ट देतं, चार म्हणजे 88. बॅटरी भरत होती तोवर सगळं शांत, मालक खूष, आम्हाला बोलावून दाखवलं पण. भरल्यावर बीएमएसने लाईन तोडली आणि पॅनलचा व्होल्टेज गेला सुसाट वर, हेडलाईट-हॉर्नला 12 व्होल्ट करून देणारा कन्व्हर्टर त्याच लाईनवर होता, तो जळाला. डिक्की उघडली तर वास असा की शेजारच्या आजी विचारायला आल्या काय करपलं म्हणून. बॅटरी वाचली हे नशीब, आणि वॉरंटी अर्थातच गेली, कंपनीच्या वायरिंगला चाकू लागलेला दिसत होता. बीएमएस म्हणजे शेवटचा वॉचमन, रोजचा चार्जर नव्हे. लिथियमला चार्जर लागतो जो आधी ठराविक करंट देतो, मग ठरलेल्या व्होल्टला येऊन करंट हळूहळू कमी करत थांबतो.

सगळंच खोटं आहे असंही नाही. इलेक्ट्रिक सायकल असेल तर गणित बदलतं. भाच्याच्या सायकलची बॅटरी 36 व्होल्ट 10 एएच, म्हणजे 360 वॅट-तास, स्कूटरच्या बॅटरीचा आठवा हिस्सा, आणि ती काढून घरात नेता येते. गच्चीवर तिरकं 100 वॅटचं पॅनल, मधे बूस्टवाला एमपीपीटी कंट्रोलर (पॅनलमधून जास्तीत जास्त वीज काढून व्होल्ट वाढवून देणारा डबा) 42 व्होल्टला, म्हणजे 36 ची बॅटरी फुल होते तिथे, सेट केलेला, बॅटरी जिन्यात सावलीला, आणि उन्हाळ्यात रिकामी बॅटरी सकाळी लावली की दुपारी तीन-चारपर्यंत भरते. सेटिंग बॅटरी जोडायच्या आधी मीटरने तपासा, कंट्रोलरवरच्या छापील आकड्यावर जाऊ नका, आमच्याकडे आला तेव्हा तो 48 च्या बॅटरीसाठी 54.6 ला सेट होता. आणि जोडताना आधी बॅटरी मग पॅनल, काढताना आधी पॅनल मग बॅटरी. भाच्याने हे खडूने भिंतीवर लिहून ठेवलंय, कारण पहिला कंट्रोलर त्याने उलटं करूनच घालवला.