टेकायच्या आधी विचारा

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. आईला घेऊन अकोल्याहून मुंबईला येत होते. रात्रीची गाडी, स्लीपर. आई ७१ वर्षांची. गुडघ्यांचं दुखणं जुनं आहे, आणि पाय खाली सोडून दोन तास बसली तरी घोटे सुजतात. म्हणून तिचं तिकीट मी मुद्दाम वेगळं काढलं होतं. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते: ६० वर्षांवरचे पुरुष आणि ४५ वर्षांवरच्या बायकांसाठी खालच्या बर्थचा जो कोटा असतो, तो एकट्याने प्रवास केला किंवा त्याच वयातले दोघे एका तिकिटावर असले तरच लागू होतो. मी ४१ वर्षांची. तिच्या तिकिटावर माझं नाव घातलं असतं तर तो कोटा गेला असता. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. त्या दिवशी सकाळी आठच्या ठोक्याला मी फोन हातात घेऊन बसले होते. आईला खालची बर्थ मिळाली, एस-४ मध्ये. मला मिळाली एस-८ मध्ये वरची.

आईला जागेवर बसवलं, चादर अंथरून दिली आणि माझ्या डब्यात आले. भुसावळला गर्दी शिरली. डब्यांच्या मधल्या वाटेत माणसं बसली, दोन दारांमध्ये बोचकी ठेवली गेली. एस-८ मधून एस-४ पर्यंत जाणं अशक्य झालं. मी दोनदा फोन केला. दोन्ही वेळा म्हणाली, "मी बरी आहे, तू झोप."

कल्याण यायच्या आधी कशीबशी तिच्यापर्यंत पोचले. ती खिडकीला टेकून बसली होती, पिशवी मांडीवर. तिच्या बर्थवर आणखी तिघं. एक बाई तिच्या खांद्यावर डोकं टाकून झोपलेली, एका मुलाचे पाय तिच्या मांडीला लागलेले. मी अंथरलेली चादर कोणाच्या तरी अंगावर होती. उतरायची वेळ झाली तर तिच्या पायात चप्पल जाईना. दादरला ती प्लॅटफॉर्मवर अनवाणी उतरली, चपला माझ्या हातात.

"तू बोलली का नाहीस?"

"कसं बोलायचं गं? बसले आणि मग म्हणाले, आजी, मनमाडपर्यंतच आहोत. मनमाडला कोणी उठलंच नाही. त्यांच्याकडेपण तिकीट होतं म्हणे."

बसले आणि मग म्हणाले. तिच्या या वाक्यावर मी कितीतरी दिवस अडकले आहे. सुजलेले पाय दोन दिवसांत उतरले. हे वाक्य काही डोक्यातून गेलं नाही.

त्यांच्याकडे तिकीट होतं, हे खरंही असेल. खिडकीवर काढलेलं वेटिंगचं असावं. ऑनलाइन काढलेलं तिकीट चार्ट लागल्यावरही पूर्ण वेटिंगवरच राहिलं तर आपोआप रद्द होतं आणि पैसे परत येतात. खिडकीवरचं कागदी तिकीट तसं आपोआप रद्द होत नाही, हातातच राहतं. म्हणून पुष्कळांना मनापासून वाटतं की ते घेऊन स्लीपरमध्ये चढता येतं. येत नाही. वेटिंगच्या तिकिटावर आरक्षित डब्यात बसायची परवानगीच नाही, मग ते कुठूनही काढलेलं असो. आईला हे माहीत असतं तरी ती बोलली असती असं मला वाटत नाही. नियम माहीत असणं वेगळं, आणि मांडीला मांडी लावून बसलेल्या अनोळखी माणसाला ऊठ म्हणणं वेगळं.

मला काय म्हणायचं आहे ते नीट सांगते, कारण हे वाचून "म्हणजे उभ्या माणसाला उभंच ठेवायचं का" असं कोणी ना कोणी विचारणार. नाही. मी स्वतः दाराजवळ बसून प्रवास केलेला आहे. कॉलेजात असताना परीक्षा संपवून घरी निघाले होते, तिकीट वेटिंगवरच राहिलं, आणि तरी चढले. चूक होती, ती मान्य आहे. दाराच्या बाजूला बॅगेवर बसून होते. रात्री अकराच्या सुमाराला एक मावशी बाथरूमला जाताना थांबल्या. कुठे जाणार विचारलं, आणि म्हणाल्या, "माझ्या पायाशी बस, पण तीनला मी पाय पसरणार हं, कंबर धरते माझी." मी बसले. पावणेतीनला मीच उठले. त्यांनी डोळे उघडून बघितलं आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. ती जागा त्यांची होती हे त्यांना माहीत होतं आणि मलाही माहीत होतं. म्हणून तर ते देणं झालं. आईच्या बर्थवर त्या रात्री कोणी काही दिलं नाही. तिच्याकडून घेतलं गेलं, आणि वर तिने समजून घ्यावं अशी अपेक्षा.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच आहे: जागा मागताना समोरच्याला "नाही" म्हणायची सोय ठेवा. उभं राहून विचारा. बसून विचारलेल्या प्रश्नाला उत्तर उरत नाही, कारण तेव्हा नाही म्हणणारा माणूस तुम्हाला उठवणारा ठरतो आणि आजूबाजूचे सगळे त्याच्याकडे बघायला लागतात. आणि नाही म्हटलं तर कारण विचारू नका. कोणाच्या पाठीचं ऑपरेशन झालेलं असतं, कोणाची पाळी चालू असते, कोणी नुसतंच थकलेलं असतं. चार अनोळखी माणसांसमोर आपल्या शरीराचा हिशोब द्यायला लागू नये. एकट्या बाईला तर हे फार सोसावं लागतं. रात्री बर्थच्या कडेला परका पुरुष येऊन टेकला की ती पाय आखडून घेते आणि मग सकाळपर्यंत झोपत नाही. तो बिचारा सज्जन असेलही. पण तिला ते कसं कळावं?

मुंबईच्या लोकलकडे बघा. सेकंड क्लासमध्ये बाकावर नंबर नाही, नाव नाही. तिघांच्या बाकावर चौथी सीट असते, अर्धं अंग बाहेर. तरीही तिथे एक रीत आहे. चढलेली बाई विचारते, "कुठे उतरणार?" समोरची म्हणते, "ठाणे." "तुमची जागा मला." झालं, ती जागा तिची. मधल्या स्टेशनला चढलेली कोणी तिथे बसायला गेली तर आजूबाजूच्या चार जणी सांगतात की यांनी आधी विचारलंय. कागदाचा तुकडा नसताना शब्द पाळला जातो. आणि स्लीपरमध्ये तिकिटावर नाव, वय, डबा, बर्थ, सगळं छापलेलं असताना "जरा ॲडजस्ट करा" या तीन शब्दांनी ते पुसून टाकता येतं. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण विचारायची रीत आपल्याला येत नाही असं नाही. रोज लाखो बायका ती पाळतात.

कायदाही दोन्ही बाजूंनी बघतो, हे मला नंतर वाचताना कळलं. १९८९च्या रेल्वे अधिनियमातलं कलम १५५. दुसऱ्यासाठी राखलेली जागा अडवून बसलेला माणूस अधिकृत कर्मचाऱ्याने सांगूनही उठला नाही, तर त्याला तिथून काढता येतं आणि ५०० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याच कलमाचा पुढचा भाग असा की जो डबा आपल्यासाठी राखीव नाही, त्यात दुसऱ्याला चढू न देणाऱ्यालाही २०० रुपयांपर्यंत दंड आहे. म्हणजे जनरलच्या दारात उभं राहून "जागा नाही, पुढे जा" म्हणणाराही चुकतो. हा दुसरा भाग मला जास्त आवडला. ज्याला स्लीपरमधून उठवायचं, त्याला जनरलमध्ये शिरता तरी आलं पाहिजे.

कारण गर्दीचं दुखणं खोटं नाही. गांधीजींनी १९१७ साली तिसऱ्या वर्गाच्या प्रवासाबद्दल वर्तमानपत्रांना पत्र लिहिलं होतं. मुंबईहून मद्रासला जाताना त्यांच्या डब्यावर २२ प्रवाशांची पाटी होती, आणि रात्री आत ३५ माणसं होती. शंभर वर्षं उलटली. तिसरा वर्ग १९७४ मध्ये बंद झाला. जनरलच्या डब्याचं दार बघितलं की तेच चित्र दिसतं. डबे वाढवा, गाड्या वाढवा, हे सरकारला ठणकावून विचारायलाच हवं आणि मी विचारते. पण डबे कमी आहेत म्हणून ७१ वर्षांच्या बाईने रात्रभर पाय लोंबकळत ठेवावेत, हा हिशोब मला मान्य नाही. स्लीपरमधली माणसं काही श्रीमंत नसतात. सणाला घरी जायला दोन महिने आधी पैसे बाजूला काढणारी माणसं असतात ती. आपले मधु दंडवते १९७७ ते १९७९ रेल्वेमंत्री होते. तोवर दुसऱ्या वर्गाच्या स्लीपरला नुसत्या लाकडी फळ्या होत्या, त्यांवर गाद्या आल्या त्या त्यांच्या काळात. साध्या तिकिटावरच्या माणसाचीही पाठ दुखते, हे मंत्र्याच्या खुर्चीत बसून कोणाला तरी सुचलं होतं. आईची बर्थ म्हणजे तीच गादी.

आरक्षण असलेल्यांनाही दोन गोष्टी सांगायच्या आहेत. दिवसा खालची बर्थ एकट्याची नसते. मधल्या आणि वरच्या बर्थवाल्यांनी तिथेच बसायचं असतं. झोपायची वेळ रात्री १० ते सकाळी ६. २०१७च्या परिपत्रकापासून हे असं आहे, त्याआधी रात्री ९ पासून होतं. तेव्हा दुपारी दोन वाजता खालच्या बर्थवर आडवं होऊन "माझी सीट आहे" म्हणणं हीही अडवणूकच. आजारी माणसाला, अपंगांना, गरोदर बाईला जास्त वेळ झोपू द्यावं, असं त्याच परिपत्रकात म्हटलं आहे. हे एवढं आपण न सांगता करावं.

आणि बर्थची अदलाबदल. कुटुंब वेगवेगळं बसलं की ती मागितली जाते, त्यात गैर काही नाही. पण खालची बर्थ मागून वरची देऊ करणं म्हणजे अदलाबदल नव्हे. आपली बर्थ खालची असेल, तरच समोरच्याला खालची मागा. नाहीतर निदान स्पष्ट सांगा, "माझी वरची आहे, तुम्हाला जमेल का?" आणि समोरच्याने सामान साखळीने बांधायच्या आत विचारा. आरएसीवाल्यांचं, म्हणजे एक बर्थ दोघांत वाटून मिळालेल्यांचं, तर मला फारच वाटतं. बाजूच्या खालच्या बर्थवर दोघं अनोळखी रात्रभर समोरासमोर बसतात, त्यातही पायाशी तिसरा येऊन टेकतो. त्यांच्याकडे द्यायला काहीच उरलेलं नसतं हो.

शेजारी असा कोणी अवघडून बसलेला म्हातारा माणूस दिसला तर कृपा करून तुम्ही बोला. रेल्वेच्या १३९ या मदत क्रमांकावर फोन करा, नाहीतर टीसी येईल तेव्हा त्याच्या वतीने सांगा. त्या रात्री टीसी येऊन गेला तेव्हा आई बोलली नाही. समोरच्या बर्थवर दोन तरुण मुलं होती, तीही बोलली नाहीत. त्यातल्या एकाने सकाळी तिची पिशवी उतरवून दिली. मुलगा चांगलाच होता. रात्री अकरालाच त्याने तोंड उघडलं असतं तर!

पुढच्या महिन्यात आई परत जाणार आहे. या वेळी एकटी. खालची बर्थ मिळाली आहे. परवा संध्याकाळी तिला स्वयंपाकघरात उभं करून मी म्हणायला लावलं: "ही जागा माझी आहे. मला पाय पसरायचे आहेत." पहिल्यांदा आवाजच फुटेना. तिसऱ्या वेळी जरा जमलं. मग थांबून मला म्हणाली, "आणि कडेवर बाळ घेऊन एखादी आली तर?"

"तिने विचारलं तर तुला वाटेल तसं कर."

"मग मी देईन," ती म्हणाली. "पण विचारायला हवं तिने."