टिळक आपले, मग बाबा कुणाचे?

‘मराठीतली पहिली कादंबरी कोणती?’ स्पर्धा परीक्षा देणारं कुठलंही पोर झोपेत सांगेल: यमुनापर्यटन, १८५७, बाबा पदमनजी. पुढे ‘वाचलीस का?’ विचारा, विषय बदलतो. मी मराठीत एम.ए. केलंय आणि तरी वीस वर्षं मीही विषयच बदलत आले. गेल्या पावसाळ्यात एकदाची वाचली. मग राहवेना म्हणून बाबांचं आत्मचरित्र ‘अरुणोदय’ही वाचलं.

आधी कबुली देते, कादंबरीचा शेवट फसलाय. शिकलेली यमुना, तिचा नवरा विनायक, दोघांचाही मनातून ख्रिस्ती धर्माकडे ओढा. प्रवासात विनायक अपघातात जातो, घरच्यांची नजर यमुनेच्या केसांवर जाते, आणि अखेर ती ख्रिस्ती होऊन पुन्हा लग्न करते. तिथवर येईतो पात्रांची प्रवचनं झालेली असतात. पानं भराभर उलटावीशी वाटतात, मी उलटलीही.

पण मधला प्रवास! वाटेत एकेक विधवा भेटत जाते. कुणाचं केशवपन, कुणाची घरच्याच माणसांकडून फसवणूक. इथे उपदेशक बाजूला सरतो आणि नुसता ऐकत बसतो. आमच्या आजीच्या एका आत्याचा घरात एकही फोटो नाही. आलवणातल्या विधवेचा फोटो कोण काढणार? ही पानं वाचताना मला सारखी तीच दिसत होती, म्हणजे न दिसलेली ती. विधवाविवाहाचा कायदा १८५६ चा, पुस्तक पुढच्याच वर्षीचं. सरकारने परवानगी दिली होती, माजघराने नव्हती. लिहिणारा होता पंचवीस-सव्वीस वर्षांचा बेळगावचा कासाराचा मुलगा, बाप्तिस्मा घेऊन जेमतेम तीन वर्षं झालेला. पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, म्हणून दीक्षा तर पुढे १८६७ साली.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. रेव्हरंड ना. वा. टिळकही पाळकच. त्यांना आपण डोक्यावर घेतलं. ‘केवढे हे क्रौर्य’ म्हणताना शाळेत गळा दाटून यायचा. फुलामुलांचे कवी! पण ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचं ख्रिस्तावरचं काव्य चर्चबाहेर किती जणांनी उघडलंय? म्हणजे टिळकसुद्धा आपण गाळून घेतले. फुलं ठेवली, क्रूस बाजूला काढला. टिळकांनी सोयही केली होती म्हणा. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते म्हणत, अभंग लिहीत. आपल्याला ते परके वाटलेच नाहीत.

बाबांनी असा पूल ठेवला नाही. कृष्ण आणि ख्रिस्त यांची तुलना मांडून सरळ निकालच देऊन टाकला. त्यांना गाळायला गेलं तर हातात काही उरत नाही. मग आपण त्यांना ‘पहिली कादंबरी’ एवढ्या दोन शब्दांत बंद केलं.

मला हे अन्यायाचं वाटतं, कारण त्या काळात सगळेच असं बोलत होते. १८५७ मध्येच मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबुवा ब्रह्मचारी हिंदू धर्माच्या बाजूने मिशनऱ्यांशी जाहीर वाद घालत होते. त्यांच्या भाषेला आपण तेजस्वी म्हणतो आणि बाबांच्या भाषेला प्रचार.

बाबांची वकिली करत नाहीये हं. त्यांचा तराजू सरळ नाहीच. सोडलेला धर्म ते रोजच्या खोडींवरून जोखतात आणि स्वीकारलेला ग्रंथातल्या वचनांवरून. वाचताना दोनदा पुस्तक मिटून चहा करायला उठले.

‘अरुणोदय’मध्ये मात्र हा माणूस मऊ होतो. सोडून आलेल्या घराबद्दल लिहितोय ना. तिथे व्रतं, सोवळं मन लावून पाळणारा मुलगा भेटतो. मग मुंबईची परमहंस सभा: जातिभेद मोडायचा, पण गुपचूप, परक्या हातचा पाव खायचा तो दाराला कडी लावून. बाबाही त्या सभेत होते. बंद दाराआडच्या पावाने या माणसाचं समाधान का झालं नसेल, ते कळतं. पटलं पाहिजे असं नाही.

पलीकडेही फार वेगळं नाही. नगरच्या एका ख्रिस्ती मैत्रिणीला विचारलं, तर म्हणाली, ‘आमच्याकडे बाबांचं नाव आदराने घेतात गं, वाचत कुणी नाही.’ शंभरावर पुस्तकं लिहिलेला माणूस, बायबलच्या नव्या करारावर भाष्य लिहिलेला, आणि दोन्ही घरी वाचक नाही.

मी भाषांतरं करते. मोल्सवर्थच्या जाडजूड मराठी-इंग्रजी कोशाचा १८६३ मधला आटोपशीर संक्षेप माझ्या टेबलावर कायम असतो. तो बाबांनी केलाय, हे मला ‘यमुनापर्यटन’ शोधताना कळलं. इतकी वर्षं रोज हाताळूनही मुखपृष्ठावरचं नाव धड वाचलं नव्हतं.

कुणाला हवी असेल तर माझी ‘यमुनापर्यटन’ची प्रत देते, पुण्यातल्यांनी घरी येऊन न्यावी. पेन्सिलच्या खुणा आहेत. शेवटच्या प्रकरणांतल्या जरा रागाने केलेल्या आहेत, तेवढं चालवून घ्या.