धडगावला जायचे असेल, तर बाजाराच्या दिवशी जा

सुट्टी जवळ आली की "गर्दी नसलेले एखादे ठिकाण सुचवा" अशी विचारणा सुरू होते आणि अलीकडे तिच्या उत्तरांत नंदुरबार जिल्ह्यातील सातपुडा वरचेवर दिसू लागला आहे. तोरणमाळचा यशवंत तलाव आणि सीताखाई अनेकांना ठाऊक असतात, पण त्यापलीकडचा धडगाव, मोलगी आणि नर्मदाकाठचा मुलूख अजून सहलींच्या यादीत फारसा आलेला नाही. तिकडे अवश्य जावे असे माझे मत आहे. मात्र पहिली भेट धबधब्याला किंवा शिखराला न देता आठवडे बाजाराला द्यावी, कारण या डोंगरात माणसे कशी जगतात हे तिथे जितके कळते तितके कोणत्याही दरीच्या काठावर उभे राहून कळत नाही.

बाजारात काय विकायला येते ते नीट पाहावे. आमचूर, मोहाची वाळलेली फुले, चारोळी, मोर (हे इथले एक भरडधान्य) आणि भगर. यातील बहुतेक सगळा माल कोरडा, टिकाऊ आणि पाठीवरून किंवा डोक्यावरून वाहून आणता येईल असा असतो आणि हा योगायोग नव्हे. सातपुड्यात गावठी आंब्याची झाडे विपुल आहेत. पण पिकलेला आंबा पाड्यावरून पायवाटेने उतरवून, मिळेल त्या जीपमधून शहाद्या-तळोद्यापर्यंत पोहोचवायचा म्हटले तर निम्मा वाटेतच नासेल. म्हणून कैरी असतानाच तो उतरवतात. घरातील बायका-मुले साली काढतात, फोडी करतात आणि त्या अंगणात, खडकांवर, जागा मिळेल तिथे उन्हात पसरतात. वळवाचा पाऊस वेळेआधी आला तर फोडी काळवंडतात आणि भाव उतरतो. शहरातल्या स्वयंपाकघरात चिमूटभर लागणाऱ्या त्या आंबट भुकटीमागे असे कित्येक दिवसांचे उन्हातले काम आणि आभाळाकडे लागलेली नजर असते. तिथे बसलेल्या मावशीने सांगितलेल्या दरात घासाघीस करणाऱ्या पर्यटकाविषयी मला, स्पष्टच सांगतो, अजिबात आदर वाटत नाही.

दुर्गमता हा तिथला केवळ भूगोल नाही. माणसे काय पिकवतात, काय विकतात आणि आजारी पडल्यावर त्यांचे काय होते, हे तीच ठरवते. पावरा आणि भिल्ल समाजाची घरे बहुधा ज्याच्या त्याच्या शेतात असतात, त्यामुळे एकेक गाव अनेक पाड्यांत विभागून टेकड्यांवर दूरवर पसरलेले असते. गावापर्यंत डांबरी रस्ता आला, तरी प्रत्येक पाड्यापर्यंत तो पोहोचतोच असे नाही, आणि मग रुग्णाला किंवा बाळंतिणीला बांबूच्या झोळीतून रस्त्यापर्यंत आणावे लागते. सप्टेंबर २०२१ मध्ये धडगाव-तळोदा रस्त्यावरील चांदसैली घाटात दरड कोसळून वाहतूक बंद झाली असताना एका माणसाने आपल्या आजारी पत्नीला खांद्यावर घेऊन चालायला सुरुवात केली होती. दवाखाना गाठण्यापूर्वीच तिचा मृत्यू झाला. ही बातमी तेव्हा राज्यभर छापून आली होती. पाहुण्याला त्या डोंगरात जी नीरव शांतता लाभते, तिचे एक कारण वाहने पोहोचत नाहीत हेच आहे, आणि ही गोष्ट विसरून केलेले त्या शांततेचे कौतुक मला खटकते.

नर्मदेच्या काठी हे अधिकच टोचते. डोंगरांच्या कुशीत शिरलेले ते विस्तीर्ण निळे पाणी छायाचित्रात अत्यंत देखणे दिसते. ते सरदार सरोवराचे बुडीत क्षेत्र आहे. महाराष्ट्रातील अक्कलकुवा आणि अक्राणी या दोन तालुक्यांतील ३३ गावे या प्रकल्पाने बाधित झाली. मणिबेलीत १९९३ मध्येच पाणी शिरले आणि सप्टेंबर २०१९ मध्ये धरण प्रथमच १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीपर्यंत भरले. काठच्या उरलेल्या वस्त्यांना आज अनेक ठिकाणी होडी हाच रस्ता आहे आणि आरोग्यसेवासुद्धा तरंगत्या दवाखान्यातून मिळते. बिलगावच्या लोकांनी धबधब्याच्या पाण्यावर श्रमदानातून उभारलेला छोटा वीजप्रकल्पही काही वर्षांतच याच पाण्याखाली गेला. अशा भागाला माणसाचा हात न लागलेला निसर्ग म्हणून मिरवणाऱ्या पोस्ट वाचल्या की त्या लिहिणाऱ्याने काठावरच्या एकाही घरात पाणी मागून घेतले नसावे, असे मला वाटते.

काठी या गावच्या राजवाडी होळीबद्दलही थोडे लिहायला हवे. ऊसतोडीसाठी किंवा अन्य मजुरीसाठी गुजरातेत गेलेली कुटुंबे होळीला परततात, नाचणारे कित्येक दिवस व्रत पाळतात, आणि रात्रभर ढोल वाजल्यावर पहाटे होळी पेटते. पाहायला जाण्यात काहीच गैर नाही, पाहुण्यांचे तिथे स्वागतच होते. पण नाचणाऱ्यांच्या वर्तुळात घुसून, तोंडासमोर कॅमेरा धरून, "जरा इकडे बघा" असे व्रतस्थ माणसाला सांगणारे लोक दरवर्षी वाढत चालले आहेत.

या भागाच्या दुर्गमतेवर पर्यटन विकास हे उत्तर सुचवले जाते आणि मला ते आज तरी पटत नाही. रिसॉर्टपर्यंतचा रस्ता आधी आणि पाड्यापर्यंतचा नंतर, असा क्रम लागायला वेळ लागत नाही. डोंगरातल्या जमिनीची किंमत वाढली की ती कोणाच्या हातून जाते हे सह्याद्रीत आपण पाहिलेलेच आहे. त्यापेक्षा पाच-सहा जणांनीच जावे, जमल्यास लोक ज्या जीपने जातात तिनेच प्रवास करावा, गावात कोणाच्या ओसरीवर राहिलात तर जेवणाचे आणि मुक्कामाचे पैसे आपणहून, संकोच न होऊ देता द्यावेत आणि आमचूर, भगर तिथूनच विकत घ्यावी. पावसाळ्यात जाणार असाल तर चांदसैली घाटात वळणावर गाडी उभी करून छायाचित्रे काढत थांबू नका; धडगावहून तळोद्याकडे निघालेल्या रुग्णवाहिकेलाही तोच अरुंद रस्ता असतो.