पथ्य कुत्र्याचं, परीक्षा घरच्यांची

गोव्यात कुत्रं खाजवायला लागलं की डॉक्टरच्या आधी वाडा, म्हणजे अख्खा शेजार, निदान करतो. समोरच्या काकींना उष्णता वाटते, मागच्या दादांना मिठाचा परिणाम, आणि खोबरेल तेलावर मात्र सगळ्यांचं एकमत. कुत्रं ते तेल निम्मं चाटतं, निम्मं सोफ्याला पुसतं. खाज जिथल्या तिथे.

माझं म्हणणं, आधी ते कुठे खाजवतं ते बघावं. शेपटीच्या मुळाशी चावत असेल तर संशय पिसवांवर. पंजे, काखा, पोट, कान हा धुळीतल्या सूक्ष्म किड्यांचा, परागकणांचा किंवा खाण्याचा प्रांत. पांढऱ्या कुत्र्याच्या बोटांमधले केस विटकरी दिसतात, तो सतत चाटल्याने चढलेला लाळेचा डाग. मांजर तर अनेकदा खाजवतही नाही. चाटून चाटून पोट गुळगुळीत करतं, आणि घरचे कौतुकाने म्हणतात, ‘किती स्वच्छ आहे बाई!’

‘आमच्याकडे पिसवा नाहीत’ हे प्रत्येक घराचं ठरलेलं वाक्य. बारीक दातांची फणी शेपटीच्या मुळाशी फिरवावी, निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या टिश्यूवर टाकावेत. भोवती तांबूस डाग पसरला की वाक्य मागे घ्यावं, कारण ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. अंगावरच्या पिसवा साधारण ५ टक्केच. उरलेला ९५ टक्के संसार अंडी, अळ्या आणि कोष होऊन चटईत आणि सोफ्याच्या फटीत सुखाने नांदत असतो. म्हणून पिसवांचं औषध घरातल्या प्रत्येक कुत्र्यामांजराला, किमान ३ महिने. मात्र कुत्र्याचं परमेथ्रिन या कीटकनाशकाचं औषध मांजराला लावू नये. झटके येऊन मांजर दगावू शकतं, आणि यात विनोद काही नाही.

पावसाळ्यात दमट त्वचेवर यीस्ट नावाची बुरशी माजते, कुत्र्याला आंबूस वास येतो. त्यावर क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाचा शाम्पू उत्तम, पण फेस १० मिनिटं अंगावर राहायला हवा. ती १० मिनिटं कोण किती भिजलं ते विचारू नये.

पिसवा निपटल्या, खरूज नाही हे डॉक्टरने त्वचा खरवडून तपासलं, तरी बारमाही खाज उरली, की खाण्याची पाळी येते. रक्त तपासून खाण्याची ॲलर्जी खात्रीने कळत नाही. किमान ८ आठवडे पथ्य, दुसरा मार्ग नाही. कुत्र्यांच्या बाबतीत नेहमीचे संशयित बीफ, दूध, चिकन, गहू. द्यायचं ते पूर्वी कधीच न खाल्लेलं प्रथिन. आता गोव्यातल्या मांजराने न खाल्लेला मासा कुठून आणायचा? म्हणून डॉक्टर हायड्रोलाइज्ड खाणं लिहून देतात. त्यातल्या प्रथिनाचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की शरीराला ते सहसा ओळखू येत नाही. मांजरालाही नाही, त्यामुळे ते ताटलीला पाठ करून बसतं. त्याला ‘भूक लागली की खाईल’ म्हणून उपाशी ठेवू नये. दोन-तीन दिवसांच्या उपासानेही यकृतात चरबी साठू शकते, लठ्ठ मांजराच्या तर जास्तच.

कुत्रं पथ्य पाळतं हो, माणसं पाळत नाहीत. सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, पोंगा वाजतो, कुत्रं फाटकाशी जातं आणि पोदेर सवयीने पावाचा तुकडा टाकतो. दुपारी आजी ‘एवढंसंच’ म्हणत शीत आणि माशाचं हुमण कालवते. संध्याकाळी गोळी गिळावी म्हणून चीजमध्ये लपवली जाते, आणि गोचिडांची चघळायची गोळी तर मुळातच मांसाच्या चवीची, तीही डॉक्टरला विचारून बदलावी लागते. मधे चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, आली तर पाहुणे आणि नेवऱ्या. एक घासही सगळा हिशेब बिघडवतो, म्हणून पथ्याची पाटी फाटकावर लावावी आणि आजीला तोंडी सांगावं.

एवढं होऊन खाज थांबली की घरात आनंदीआनंद. मग डॉक्टर सांगतात, आता जुनं खाणं पुन्हा सुरू करा. दोनेक आठवड्यांत खाज उलटली तरच दोष खाण्याचा. नाहीतर सुधारणा नुसती पावसाळा सरल्यानेही झालेली असू शकते. हे ऐकून घरच्यांचा चेहरा उतरतो. कुत्र्याला मात्र सगळ्या उपचारात हा एकच टप्पा मनापासून पटतो.